टर्बो पेट्रोल गाडी उन्हात नॉकिंग करते: टायमिंग मागे घ्यावे की बूस्ट उतरवावा?

नमस्कार. माझ्याकडे १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आहे. २००१ पासून या गाडीची जोडणी आमच्या शेजारीच, शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे, त्यामुळे जालना-संभाजीनगर पट्ट्यात तिची नस ओळखणारे मिस्त्री आजही भेटतात. मात्र ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) मॅप वाचून सल्ला देणारे कोणी इकडे मिळत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

मूळ दीडशे अश्वशक्तीच्या या इंजिनाचे रीमॅपिंग गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका ट्यूनरकडून करून घेतले. थंडी संपेपर्यंत गाडीविषयी कसलीही तक्रार नव्हती. एप्रिलपासून मात्र भर दुपारी, मिनिटाला ३००० ते ४५०० फेऱ्यांच्या दरम्यान थ्रॉटल पूर्ण दाबला, की डब्यात काचेच्या गोट्या हलवल्यासारखा बारीक खडखडाट, म्हणजे नॉकिंग (सिलिंडरमधील इंधन अवेळी पेटणे), ऐकू येतो. पहाटे त्याच रस्त्यावर, टाकीत तेच पेट्रोल असताना हा आवाज येत नाही.

लॅपटॉप जोडून समृद्धी महामार्गावर नोंदी घेतल्या. त्या तिसऱ्या गिअरमध्ये ५००० फेऱ्यांपर्यंतच्याच आहेत, कारण त्यापुढे गाडी लवकरच १२० ची मर्यादा ओलांडते. बाहेर ४१ अंश तापमान असताना इनटेकमधील हवा ६८ अंशांवर गेली होती. नॉक सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयूने तिसऱ्या सिलिंडरचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ९ अंशांनी आणि उरलेल्या तिघांचे ५ ते ६ अंशांनी मागे घेतले. ईसीयू १९०० मिलिबार निरपेक्ष दाब मागतो आणि जवळजवळ तेवढा मिळतो. इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (ईसीयू स्वतःहून वाढवतो ते इंधन) चालत्या गाडीत अधिक ९ टक्के आहे, तर आयडलवर ती जवळपास शून्य आहे. पूर्ण थ्रॉटलला वाइडबँडचा (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) गेज १२.३ दाखवतो आणि ५००० फेऱ्यांना इंजेक्टर १७ मिलिसेकंद उघडा राहतो.

स्थानिक मिस्त्रींच्या मते कुठेतरी हवा गळत असून मिश्रण पातळ झाले आहे. ट्यूनर म्हणतात, की सगळीकडे टायमिंग ४ अंशांनी मागे घेऊ, म्हणजे आवाज बंद होईल. आवाज बंद होणे आणि इंजिन सुरक्षित असणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे मला वाटत नाही. थोडी शक्ती गेली तरी चालेल, पण पिस्टनला धक्का लागता कामा नये. आधी टायमिंगला हात लावावा, बूस्टला (टर्बोच्या दाबाला) की इंधनाला? शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचा सल्ला कृपया देऊ नये. ते रोज येथे आणणार कोठून?

प्रतिसाद:

आपण आकडे दिलेत, त्यामुळे बरेचसे काम सोपे झाले आहे. आधी इंधनाचे पाहू. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर आता पंपांवर मिळणाऱ्या, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट पुरते. १४.७ ला १३.५ ने भागल्यास १.०९ येते, म्हणजे तेवढ्याच हवेला नऊ टक्के इंधन जास्त लागते, आणि आपली दुरुस्ती नेमकी तेवढीच आहे. हवा गळत असती, तर तिचा परिणाम आयडलवर सर्वांत ठळक दिसला असता. गेजवरील १२.३ हा आकडाही पेट्रोलच्या मापाचा आहे. त्याला १४.७ ने भागा, लॅम्डा (पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा) ०.८४ येईल. सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो, त्यामुळे इथेनॉल असले तरी हा आकडा खरा मानावा; भरलेल्या बूस्टवर तो योग्यच आहे. ५००० फेऱ्यांना एक आवर्तन, म्हणजे दोन फेऱ्या, २४ मिलिसेकंदांचे असते, त्यातील १७ म्हणजे सुमारे ७१ टक्के, तेव्हा इंजेक्टरही कमी पडत नाहीत. इंधनाला हात लावू नये.

दोष उष्णतेचा आहे. जालन्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९५० मिलिबार असतो, त्यामुळे समुद्रकिनारी १९०० मिलिबारसाठी टर्बोला जेवढे दाबावे लागते त्याहून येथे अधिक दाबावे लागते, आणि जास्त दाबलेली हवा जास्त तापते. हा टर्बो लहान आहे आणि मूळ इंटरकूलरही (दाबलेली हवा थंड करणारा) लहान असून बंपरच्या कोपऱ्यामागे बसवलेला असतो. काळ्या मातीची धूळ त्याच्या पत्र्यांत घट्ट बसते. बंपर उतरवून, पाण्याचा दाब कमी ठेवून तो आतून-बाहेरून धुऊन घ्या. एवढ्याने इनटेकचे तापमान किती उतरते ते आधी पाहावे.

नुसते टायमिंग मागे घेण्याला माझा विरोध आहे. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन लांबते, तीच उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते आणि टर्बाइन व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात. आवाज थांबतो, पण ताप हटत नाही. म्हणून पहिल्यांदा बूस्ट उतरवा: मधल्या फेऱ्यांत १७५० मिलिबार आणि तेथून ६००० पर्यंत हळूहळू १६०० वर आणा. त्यानंतरही नॉकिंग राहिले, तर फक्त ३००० ते ४५०० च्या पट्ट्यात टायमिंग २ अंश मागे घ्या आणि इनटेक ५० अंशांपुढे गेल्यावर टायमिंग आपोआप उतरेल अशी तापमानाची दुरुस्ती मॅपमध्ये भरून घ्या. हिवाळ्यात बनवलेल्या मॅपमध्ये नेमका हाच भाग बहुधा दुर्लक्षित राहतो.

तिसऱ्या सिलिंडरचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याचा प्लग आणि इंजेक्टर पहिल्याशी अदलाबदल करून पुन्हा नोंद घ्या. नॉकिंग पहिल्याकडे सरकले तर दोष त्या भागाचा आहे. एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग आणि ०.७ मिलिमीटरचा गॅप या इंजिनाला मानवतो. हे होईपर्यंत दुपारी पूर्ण थ्रॉटल देऊ नये.

धागाकर्ता:

मनापासून आभार. नऊ टक्क्यांचा हिशेब मिस्त्रींनाही दाखवला; गळती शोधण्यासाठी इनटेकचे पाइप उघडण्याचे काम त्यांनी लगेच थांबवले. उद्या बंपर उतरवतो आहोत. एक शंका आहे: गाडी इतकी जुनी असताना इंधनाच्या रबरी नळ्या एवढ्या इथेनॉलला टिकतील का?

प्रतिसाद:

मूळ नळ्या अजून असतील, तर त्यांवर भरवसा ठेवू नका. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि क्लिपा नव्याने बसवा, आणि त्याच वेळी इंधनाचा फिल्टरही बदला. बूस्टमध्ये असताना इंधनाचा दाब क्षणभर जरी पडला, तरी वर सांगितलेला ०.८४ चा आधार उरणार नाही.