मदत हवी आहे: एकाच ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती, तिन्हींची पट्टी वेगळी. खरी कोणती धरायची?

नमस्कार मंडळी,

जुन्या हिंदुस्तानी कंठसंगीताची ध्वनिमुद्रणं जमवायचा नाद मला बरीच वर्षं आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, एलपी, खासगी मैफलींच्या कॅसेटी आणि इतर संग्राहकांनी डिजिटल करून दिलेल्या फायली, असं सगळं एकत्र झालं आहे. संग्रह वाढला तसा एक प्रश्न सारखा आडवा येतो आहे.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटी रागातल्या ठुमरीच्या माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक मूळ तबकडीवरून कुणीतरी उतरवलेली, एक नंतर एलपीवर आलेली, एक सीडीवरची. गाणं तेच, साथ तीच, श्वास घेतल्याच्या जागाही त्याच. षड्ज (गायकाचा 'सा') मात्र तिन्हींत निराळा. सगळ्यांत खालच्या आणि सगळ्यांत वरच्या प्रतीत जवळजवळ एका पट्टीचा फरक आहे, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांत असतो तेवढा.

तबकडीचा वेग बदलला तर सगळे स्वर एकाच प्रमाणात वरखाली होतात, राग तोच राहतो, हे मला माहीत आहे. 'मग बिघडलं कुठे?' असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं, की पट्टीबरोबर लयही चढते, तान जास्त चपळ वाटते, 'आ'काराचा रंग बदलतो, आवाज बारीक होतो. खाँसाहेबांचा आवाज टोकदार आणि पातळ होता असं आपण म्हणतो, त्यातलं किती त्यांचं आणि किती फिरत्या तबकडीचं? त्यांच्या शेजारी सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि पुढे भीमसेनजी ठेवून किराणा घराण्याच्या स्वरलगावाबद्दल (स्वर लावण्याच्या पद्धतीबद्दल) काही बोलायचं, तर पायाच डळमळीत असल्यासारखं वाटतं. एखाद्याची तान दुसऱ्यापेक्षा जलद आहे हे विधान मी कशाच्या भरवशावर करू?

हिशेब साधा आहे. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर सुमारे ५.४ टक्के चढतो. एक पट्टी म्हणजे साधारण ५.९ टक्के, तेव्हा हा फरक पट्टीच्या अगदी जवळ जातो. ३ मिनिटांचं गाणं ९ सेकंद आधी संपतं. सुरुवातीच्या काळात वेग ठरलेला नव्हता, ७० ते ८२ फेऱ्यांच्या दरम्यान काहीही असायचं, आणि '७८' हे नाव सगळ्यांनाच सरसकट चिकटलं.

केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या सोनेरी तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवायची हे आकृतीने कोरलेलं आहे, ३.६ सेकंदांत एक फेरी. कोण ऐकणार हे ठाऊक नसतानाही तेवढी काळजी घेतली गेली. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर ती माहिती नसते, त्यामुळे हे काम ऐकणाऱ्यावर येतं, आणि ते नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे वेग कमीजास्त करता येणारा टर्नटेबल आहे, ७८ साठीची जाड सुई आहे, संगणकावर आवाजातल्या वारंवारतांचा आलेख बघता येतो. कानाने षड्ज लावता येतो. तरी विचारतो:

मूळ वेग ठरवायला कानाव्यतिरिक्त भरवशाची खूण कोणती? गायकाच्या इतर ध्वनिमुद्रणांवरून पट्टी ठरवणं कितपत योग्य? आणि प्रतींची नोंद कशी ठेवावी, म्हणजे पुढे कुणाच्या हाती हा संग्रह गेला तर कोणती प्रत कुठून आली आणि तिच्यावर काय काय झालं ते कळेल?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

प्रश्न फार महत्त्वाचा आहे. थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यांत आधी तुमच्या तिन्ही प्रतींत ठेक्याची पहिली सम (तालाची पहिली मात्रा) आणि गाण्याचा शेवटचा उच्चार यांमधला वेळ मोजा. पट्टीतला फरक आणि वेळेतला फरक यांचं प्रमाण जुळलं, तर फरक निव्वळ वेगाचा. पट्टी वेगळी पण वेळ सारखाच आला, तर कुणीतरी सॉफ्टवेअरने पट्टी सरकवली आहे. ती प्रत तुलनेसाठी बाजूला ठेवा, कारण तिच्यात आवाजाचा पोत आणि लय यांचं नातं तुटलेलं असतं.

दुसरी खूण विजेची घरघर. १९२५ नंतर मायक्रोफोनने मुद्रण होऊ लागलं आणि कधीकधी विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मुद्रणातच उतरली. आलेखात खालच्या बाजूला बारीक आडवी रेघ दिसते का बघा. ७४ वर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली असेल तर ती रेघ ५२.७ च्या आसपास सापडेल. मात्र तबकडी उतरवून घेणाऱ्याच्या यंत्राचीही स्वतःची घरघर असते, ती नेमकी ५० वर दिसते. दोन रेघा दिसल्या तर ५० वरून हललेली रेघ जुनी समजायची. विजेची वारंवारता पूर्वी आजच्याइतकी स्थिर नसायची, म्हणून एकदोन टक्क्यांची सूट ठेवा. मैफलींच्या टेपांना ही युक्ती तबकड्यांपेक्षा जास्त लागू पडते, कारण टेप एका डेकवरून दुसऱ्यावर उतरवताना दर वेळी वेग थोडा हलतो आणि प्रत जितक्या हातांतून गेली तितकी चूक साठत जाते.

१९२५ च्या आधीच्या मायक्रोफोनऐवजी भोंग्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांत ही रेघ मिळणारच नाही. तिथे शेवटची घोषणा ऐका. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचं मुद्रण झालं तेव्हापासून गाणं संपल्यावर कलाकाराने स्वतःचं नाव सांगायची पद्धत पडली, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना कोणाचं गाणं आहे ते कळायला हवं होतं. आपल्याला त्याचा उपयोग वेगळा आहे. गाण्यात कान फसतो, बोलण्यात सहसा फसत नाही. वेग हळूहळू कमी करत नेला की एका जागी ते बोलणं माणसाचं वाटू लागतं.

आणि एक. बाजूच्या सुरुवातीचा षड्ज व शेवटचा षड्ज दोन्ही मोजा. काही जुन्या तबकड्यांत मुद्रण चालू असतानाच वेग सरकलेला असतो. तिथे एकच आकडा देता येत नाही, तेव्हा दोन्ही लिहून ठेवा.

प्रतिसाद २

गायकाच्या इतर ध्वनिमुद्रणांवरून पट्टी ठरवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः गाते म्हणून सांगते. वय वाढतं तशी पट्टी उतरते, सकाळी आणि रात्री आवाज वेगळा लागतो, साथीला असलेल्या पेटीमुळे कधी अर्धी-एक पट्टी तडजोड करावी लागते. इतर मुद्रणांतल्या पट्टीचा आधार घेतला तर आपणच सगळ्या तबकड्या एका साच्यात बसवू, आणि त्या गायकाने खरंच कधी वेगळी पट्टी घेतली असेल तर ते कायमचं पुसलं जाईल.

साथीत पेटी आहे का ते बघा. असेल तर षड्ज पेटीच्या एखाद्या पट्टीवरच पडायला हवा. तुमच्या प्रतीत तो दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये येत असेल तर वेगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पेट्यांचं ट्यूनिंगही सगळीकडे एकसारखं नसतं, म्हणून पुरावा पक्का नाही, पण शक्यता दोनतीनवर येतात. मग तबल्याकडे कान द्या. वेग चढवलेल्या प्रतीत चाटेचा (तबल्याच्या काठावरच्या आघाताचा) नाद कोरडा, डबा वाजवल्यासारखा येतो. तबलजीला जवळ बसवून ऐकवा, तो चटकन सांगेल.

आवाज साफ करण्याच्या नादात तानपुऱ्याची जवार (तारांची झणकार) गेलेल्या कित्येक प्रती माझ्या ऐकण्यात आहेत. खरखर राहिली तरी चालेल, पण मूळ उतरवलेली फाइल कशालाही हात न लावता जपून ठेवा.

प्रतिसाद ३

नोंदीबद्दल. लेबलवरच्या क्रमांकावर विसंबू नका. तेच गाणं पुन्हा बाजारात आलं की तो क्रमांक बदलतो. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक लिहून घ्या, मुद्रणाची ओळख त्यावर ठरते. लागोपाठचे मॅट्रिक्स क्रमांक एकाच बैठकीतले असू शकतात. तसं असेल आणि साथीदारही तेच असतील, तर सगळ्या बाजूंचा षड्ज जुळतो का ते पाहता येईल. वेगाचा हाही एक चांगला पुरावा आहे.

प्रत्येक फायलीसोबत एवढं असू द्या: कुठून मिळाली, कोणत्या वेगाने वाजवली, कोणती सुई, षड्जाची मोजलेली वारंवारता, नंतर काय बदल केले. मैफलींच्या टेपांना मॅट्रिक्स नसतो, तिथे खोकला, टाळ्या, मध्येच जुळवलेला तबला अशा खुणा मिनिट-सेकंदांसह टिपा. वेगवेगळ्या तारखा घालून फिरणाऱ्या दोन टेपा एकाच मैफलीच्या निघतात त्या अशाच.

मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था आहे. तिच्या जुन्या अंकांतून तबकड्यांच्या याद्या छापून आल्या आहेत, त्या जरूर चाळा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार.

वेळ मोजला. तबकडीवरून उतरवलेली प्रत आणि एलपी यांत पट्टीचं आणि वेळेचं प्रमाण जुळतं, म्हणजे तिथे फरक वेगाचाच. सीडीची प्रत मात्र एलपीपेक्षा वर असूनही लांबीला तेवढीच आहे. तिची पट्टी नंतर सरकवलेली दिसते, म्हणून ती तुलनेतून काढली. ज्या प्रतीमुळे खाँसाहेबांचा आवाज मला सर्वांत टोकदार वाटत होता ती हीच, हे लक्षात आल्यावर किराण्याबद्दल लिहून ठेवलेली टिपणं पुन्हा तपासायला घेतली आहेत.

घरघरीची रेघ एलपीच्या प्रतीत अंधुक दिसते आहे, पण सुईच्या खरखरीत ती नीट वेगळी काढता येत नाही. तबकडीची दुसरी बाजू मिळवायचा प्रयत्न चालू आहे.

एक प्रश्न उरतो. साथीला फक्त सारंगी आणि तबला असेल, घोषणा नसेल, रेघही नसेल, तर काय करायचं?

प्रतिसाद १

तर वेग 'अनिश्चित' असं लिहायचं आणि ७८ वर उतरवून ठेवायची. शक्य वाटणाऱ्या पट्ट्यांची मर्यादा नोंदीत द्या, फाइल बदलू नका. आणि अशा तबकडीवरून लयीबद्दल विधान करायचं नाही. स्वरांमधली अंतरं, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून कुठे गेली, बंदिशीची मांडणी, शब्दांची फेक, हे सगळं तिच्यावरून बेलाशक बोला. वेग कितीही हलला तरी ते तसंच राहतं.

सारंगीच्या साथीची ती तबकडी हाताशी असेल तर तिचा मॅट्रिक्स क्रमांक इथे टाका. शेजारच्या क्रमांकाची बाजू माझ्याकडे किंवा इथल्या कुणाकडे निघू शकेल.