चौथीचा इतिहास: पन्हाळ्याहून सुटका मुलांनी स्वतः मोबाईलवर कशी मांडावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. चौथीचा इतिहास म्हणजे शिवराय, त्यामुळे मुलांना गोडी लावावी लागत नाही. पण ‘पन्हाळ्याहून सुटका’ या प्रसंगावर गृहपाठ दिला की कॅफेतली रंगीत प्रिंट आणि आईच्या अक्षरातली माहिती येते. हल्ली एआयने बनवलेले व्हिडिओही येतात. दिसायला झकास, पण “निघायला पावसाळी रात्रच का निवडली?” असं विचारलं की पोरं गप्प.

यंदा एका गटाला म्हटलं, १६६० च्या जुलैतली ती रात्र रेडिओवर बातमी सांगतात तशी सांगा. घरच्या मोबाईलवर फक्त आवाज रेकॉर्ड करायचा. मुलांनी पत्र्यावर तांदूळ ओतून पाऊस पाडला, रिकामं पिंप बडवून विशाळगडच्या तोफा उडवल्या. शिवा काशिदांच्या पालखीचा भोई झालेली मुलगी इतकी दबक्या आवाजात बोलली की वर्ग चिडीचूप. मग एकाने विचारलं, “बाई, तोफा खिंडीत बाजीप्रभूंना ऐकू गेल्या असतील का? किती लांब आहे?” असे प्रश्न पडावेत म्हणूनच माझी धडपड आहे.

आता पुढचं पाऊल टाकायचंय. गूगल अर्थवर ती वाट दाखवता येईल का? मातीचे मावळे करून स्टॉप मोशन (थोडं थोडं सरकवत काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ) जमेल का? वर्गात एकच टीव्ही आहे, नेट येतं-जातं, आणि पालकांचे फोन संध्याकाळीच हाती लागतात. शिवाय पुस्तकातलं काय आणि मुलांनी कल्पनेनं घातलेलं काय, हे ऐकणाऱ्याला कसं कळावं? कुणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:

बाई, रेडिओची कल्पना फार आवडली, ती सोडू नका. गूगल अर्थमध्ये पन्हाळा, पावनखिंड आणि विशाळगड अशा तीन खुणा मुलांनाच टाकू द्या. नकाशा तिरका केला की डोंगर उभे राहतात आणि वाट किती अवघड होती ते दिसतं. अंतर मोजायची पट्टीही तिथेच आहे. मात्र ते सरळ रेषेतलं अंतर आहे, चालायची वाट त्याहून लांब, हे सांगा. नेट असेल तेव्हा स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा.

स्टॉप मोशनला सेकंदाला १० फोटो पुरतात. २० सेकंदांना २०० फोटो होतात, म्हणून फक्त खिंडीतली लढाई घ्या. मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्यात घट्ट बसवा. एकाने मावळा सरकवायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा, तिसऱ्याने मोजायचं. खिडकीजवळ करू नका, ढग आला की उजेड बदलतो.

शेवटच्या प्रश्नासाठी आमच्याकडे दोन आवाज असतात. एक मूल “पुस्तकात असं आहे” म्हणून सांगतं, दुसरं “आम्हाला असं वाटतं” म्हणून. गटातल्या प्रत्येकाची दोन्हीकडे पाळी येते.