बँकेच्या दारात कोयता चालला आणि गार्डनं बंदूक चालवली नाही. बरोबर की चूक?

सातारकर ८४

मंडळी, मनातलं लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. मागच्या महिन्यात साताऱ्यात एका बँकेसमोर भर दुपारी दोन पोरांनी तिसऱ्यावर कोयत्यानं वार केले. त्या बँकेच्या दारात गार्ड होते माझे सख्खे मामा. वय ५८, फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर, खांद्यावर डबल बॅरल बारा बोर, दोन्ही नळ्यांत काडतूस. मामांनी फायर केला नाही. बंदूक छातीशी आडवी धरली, दारापुढं दोन बायका आणि एक शाळेची पोरगी थिजून उभी होती त्यांना आत ढकललं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि "सोड त्याला, सोड" म्हणून ओरडत राहिले. पोरं गाडीवर बसून पळाली. ज्याला मारलं तो वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

तेव्हापासनं पारावर, लग्नात, सलूनमध्ये एकच विषय, बंदूक काय पूजेला ठेवली होती का. मामा दोन घास खाऊन ताटावरनं उठतात.

माझं मत स्पष्ट आहे, मामांनी केलं तेच बरोबर. मी स्वतः त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. दारापासनं मारामारीची जागा पंचवीस-तीस पावलं. बारा बोरचे छर्रे तेवढ्या अंतरावर परातीएवढे पसरतात. ते तिघं एकमेकांत गुंतलेले, मागं रसाचं गुऱ्हाळ, तिथं बाकड्यावर माणसं बसलेली, शेजारी रिक्षा स्टॉप. सांगा, नेम कुणावर धरायचा?

कुपवाडकर पैलवान

दादा, मामांबद्दल आदर आहे पण पटलं नाही. तुकाराम ओंबळे तुमच्याच जिल्ह्यातले, जावळीतल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी होती त्यांच्या, तरी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या पण पकड सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. अशोक चक्र उगाच नाही मिळालं. ज्याच्याकडं काहीच नव्हतं तो पुढं गेला आणि ज्याच्याकडं भरलेली बंदूक तो शटरमागं, हे लोकांच्या डोळ्याला खुपणारच की. निदान हवेत एक बार काढायचा. आवाजानंच पोरं पळाली असती.

सातारकर ८४

ओंबळेसाहेबांचं नाव निघालं की आमच्या घरात आवाज खाली येतो, म्हणून नीट लिहितो. त्यांनी गोळी झाडली नाही, ते अंगावर गेले. जोखीम घेतली ती स्वतःच्या शरीरावर. बंदुकीचं तसं नसतं, चुकीची किंमत दुसराच कुणीतरी भरतो. आणि हवेत मारलेलं वर राहत नाही भाऊ, ते कुठंतरी खाली येतंच. वरती विजेच्या तारा आणि समोर तीन मजली चाळ, गॅलरीत माणसं बघत उभी.

मिरजेचा वकील

कायद्याचं थोडं सांगतो कारण दोन्ही बाजूंनी अर्धवट बोललं जातंय. "दुसऱ्यासाठी गोळी मारली तर आपणच आत जाऊ" हे खरं नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ खासगी बचावाची. कलम ३५ मध्ये दुसऱ्याच्या शरीराचा बचाव करण्याचा हक्क साफ दिलेला आहे, तो आपला नातेवाईकच असला पाहिजे असं काही नाही. जिवावरचा हल्ला असेल तर हल्लेखोर मेला तरी कलम ३८ संरक्षण देतं. सुप्रीम कोर्टानंही दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सांगितलंय की ज्याच्यावर हल्ला झालाय त्या माणसानं प्रतिकार तराजूत मोजून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

पण दोन कुंपणं आहेत. एक, गरजेपेक्षा जास्त इजा नको. दुसरं, धोका संपला की हक्क संपला. पोरं गाडीवर बसली, पाठ फिरवली, त्यानंतरचा बार हा बचाव नाही, तो गुन्हा. आणि पैलवान, हवेत बार काढा म्हणून कुणाला सांगू नका. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक उगारायला आणि झाडायला मनाई आहे. खऱ्या बचावासाठी झाडली तर बाजू मांडता येते, नुसता आवाज करायला झाडली तर लायसन अडचणीत येतं.

कुपवाडकर पैलवान

वकीलसाहेब, मग कलम ४४ चं पण सांगा ना. त्यातलं उदाहरण मी वाचलंय. माणसावर जमाव जीव घ्यायला धावून येतो, जमावात लहान पोरं मिसळलेली, गोळी चालवल्याशिवाय जीव वाचणार नाही आणि चालवली तर पोरांना लागायची भीती. तरी त्यानं चालवली आणि पोराला लागली तर गुन्हा नाही. म्हणजे कायदासुद्धा म्हणतो, वेळ आली तर मार. मग आपणच का एवढं घाबरायचं?

मिरजेचा वकील

बरोबर वाचलंय. पण दुसरा कुठलाच मार्ग उरलेला नसतो तेव्हाचं ते आहे. मामांसमोर दुसरे मार्ग उरले होते का, हे ठरवायला चार सेकंद होते. माझ्या मते उरले होते.

फौजी कोरेगाव

बावीस वर्षं सर्व्हिस केली, त्यातली बरीच वर्षं अशा भागात जिथं गर्दीतनंच फायर यायचा. आम्हाला पहिलं शिकवलं ते असं की ज्याच्यावर मारायचं तो नीट ओळखला का, आणि त्याच्या मागं काय आहे. दोन्हीची उत्तरं मिळाली नाहीत तर बोट ट्रिगरच्या बाहेर. मामांनी बंदूक छातीशी आडवी धरली ना, त्यावरनंच कळतं की माणूस शिकलेला आहे. घाबरलेला माणूस नळी इकडंतिकडं फिरवतो.

अजून एक, ज्याचा कुणी विचार करत नाही. पोलिस आले आणि त्यांना हातात बंदूक घेतलेला माणूस दिसला तर ते कुणाला काय समजतील? अमेरिकेत कोलोराडोतल्या आर्वाडा गावात जून २०२१ ला हेच झालं. एकानं पोलिसाला गोळी घालून मारलं, जॉनी हर्ली नावाच्या साध्या नागरिकानं स्वतःच्या पिस्तुलानं त्या हल्लेखोराला पाडलं, आणि त्याची रायफल हातात घेतलेला असतानाच मागनं आलेल्या पोलिसानं हर्लीलाच हल्लेखोर समजून गोळी घातली. गेला बिचारा. म्हणून काम झालं की हत्यार खाली आणि रिकामे हात वर, हे आधीपासनं डोक्यात पाहिजे.

माणदेशी

फौजीभाऊ, तिथलीच दुसरी बाजू पण सांगा. जुलै २०२२, इंडियाना राज्यातला ग्रीनवुड मॉल. खाण्याच्या ठिकाणी एकानं रायफल काढली, तीन माणसं मारली, आणि २२ वर्षांच्या एका पोरानं पंधरा सेकंदांच्या आत पिस्तुलानं त्याला लांबून आडवं केलं. तो थांबला असता तर किती गेले असते? मी मामांना दोष देत नाही, पण "थांबा, बघा, ओळखा" हेच सगळीकडं लावलं तर समोरचा तोपर्यंत आटपतो. कोयता पडायला सेकंद लागतो.

फौजी कोरेगाव

ते पोरगं पुढं सरकताना मागच्या लोकांना बाहेर जायची खूण करत होतं, हेही त्या वेळी पोलिसांनी सांगितलं होतं. म्हणजे माणसं आधी काढणं आणि मारणं दोन्ही एकत्र चाललं होतं. शिवाय त्याच्या हातात पिस्तूल, म्हणजे एक गोळी एका जागी. बारा बोरनं त्या अंतरावर गुंतलेल्या तिघांतला एक निवडता येत नाही, मी पण नाही निवडू शकणार.

विश्रामबागची ताई

सगळं वाचलं. बंदूक, कलमं, अमेरिका. आता माझं ऐका. माझ्या भावावर सांगलीत असाच हल्ला झाला होता, कोयताच होता. बघायला पंधरा-वीस माणसं, निम्म्यांच्या हातात मोबाईल. गोळी कुणी मारायला पाहिजे होती असं मी कधीच म्हटलं नाही. पण मारणारे निघून गेल्यावरही तो रस्त्यावर तसाच पडून होता, कुणी जवळ येईना, पोलिस केस होईल म्हणून. एका भाजीवाल्या मावशीनं स्वतःचा पदर फाडला आणि दंडाला दाबून धरला, गाडी येईपर्यंत दाबून धरला, हात सोडला नाही. डॉक्टर म्हणाले त्यानंच जगला.

पुण्यात सदाशिव पेठेत जून २०२३ ला पोरीवर कोयता उगारला तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरानं नुसत्या हातानं तो कोयता धरला. बंदूक लागली नाही. सातारकरदादा, मला तुमच्या मामांना एकच विचारायचंय. पोरं पळून गेल्यावर मामांनी काय केलं? रक्त कुणी दाबलं?

कुपवाडकर पैलवान

ताई, हा प्रश्न मला पण पडायला पाहिजे होता. मी आपला बार बार करत बसलो.

सातारकर ८४

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो आणि मग संध्याकाळी मामांकडं गेलो. खोटं लिहीत नाही. पोरं गेल्यावर आठ-दहा मिनिटं मामा दारातनं हलले नाहीत. तो पोरगा समोर बसलेला, शर्ट लाल, मामा बघतायत. शेवटी रसवाल्यानं फडकं बांधलं आणि रिक्षातनं नेलं.

मी विचारलं, मामा, का नाही गेलात. म्हणाले, कॅश आली होती आत, दार सोडायचं नाही ही ऑर्डर, आणि ते दोघं फिरून येतील की काय हेही माहीत नव्हतं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मामी चहा ठेवून गेली तो तसाच साईवर आला.

फायर न करण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, तिथं ते शंभर टक्के बरोबर होते. पण ती आठ-दहा मिनिटं मी तुमच्यासमोर झाकू शकत नाही. आत मॅनेजर होता, शिपाई होता, दोन कॅशियर होते, शटरखालनं एक माणूस बाहेर पाठवला असता तरी चाललं असतं, हे मामांना पण आता कळतंय, आणि मला वाटतं जेवण त्यामुळंच जात नाही, पारावरच्या बोलण्यानं नव्हे.

फौजी कोरेगाव

एक विचारू? मामांनी शेवटचा फायर कधी केलाय?

सातारकर ८४

विचारलं मी. २०१९ ला, दोन राउंड. त्यानंतर एजन्सीनं प्रॅक्टिसला काडतूसच दिलं नाही. नळीत आहेत ती दोन पण तेव्हाचीच.