मदत हवी आहे: पगारवाढीमुळे ईएसआय जाणार, सीपी असलेल्या मुलासाठी आता कोणती योजना धरावी?

गोदाकाठ

नमस्कार. मुलगा सहा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी (सीपी), डॉक्टरांच्या भाषेत स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय ताठर, आणि जोडीला फिट्स. वॉकर धरून चालतो, बोलतो मात्र अखंड. यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कार्ड निघालंय, दिव्यांगत्व ६५ टक्के. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला एका कारखान्यात आहेत.

आत्तापर्यंत सगळं ईएसआयवर (कामगार राज्य विमा) चाललंय. पगार २०,६००, त्यातून महिन्याला दीडशेच्या आसपास कापले जातात आणि त्यात फिट्सची औषधं, न्यूरोची तपासणी, फिजिओ, मागच्या वर्षीचा ईईजी (मेंदूचा आलेख), सगळं झालं. रांगा असतात, कधी एखादं औषध बाहेरून आणावं लागतं, पण बिल हातात पडत नाही हे खरं.

आता कंपनी १ एप्रिलपासून पगार २३,००० करतेय. आनंदाचीच गोष्ट, पण २१,०००च्या वर गेलं की ईएसआय बंद. वाढ २,४०० रुपयांची, आणि नुसती औषधंच बाजारात घेतली तर महिन्याला साधारण २,८०० होतात. फिजिओ वेगळं. म्हणजे बढती मिळून आम्ही खाली येणार!

केशरी रेशन कार्ड आहे. कंपनी ग्रुप मेडिक्लेम (सगळ्या कामगारांचा मिळून खासगी आरोग्यविमा) देईन म्हणतेय. कुणी महात्मा फुले योजना सांगतं, कुणी आयुष्मान, अंगणवाडीच्या ताईंनी 'निरामय' नावाचं काहीतरी सांगितलं. यातलं एकच निवडायचं असतं का? त्याच्यासाठी नक्की काय धरावं? आणि मिस्टर म्हणतात वाढच नको म्हणून सांगू का. तेही योग्य आहे का, सांगा.

रिकामपणचे_उद्योग

एखादी चांगली खासगी पॉलिसी घेऊन टाका ताई, सरकारी योजनांच्या नादी लागू नका. पन्नास कागद मागतात.

पायपीट

वरच्या दादांनी सीपीचं निदान असलेल्या मुलाचा प्रपोजल फॉर्म कधी भरलेला दिसत नाही. आधीपासूनच्या आजाराला खासगी पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात, आणि ते झाल्यावरही थेरपीला बहुतेक काही देत नाहीत. अशा मुलाला पॉलिसी मिळाली तरी ज्यासाठी हवी तेच वगळलेलं, असं आम्ही पुण्यात दोन ठिकाणी पाहिलं.

गोदाकाठ ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सीपीच. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एकच निवडायचं नसतं. या योजना एकमेकींच्या जागी बसणाऱ्या नाहीतच. त्याचा खर्च कुठे होतो ते आधी मांडा. रोजची औषधं आणि आठवड्याची थेरपी हा एक खर्च, आणि कधीतरी येणारं ऑपरेशन हा दुसरा. ईएसआयचं मोठेपण हे की ते दोन्ही उचलतं. बाकी कुठलीही एक योजना दोन्ही पूर्ण उचलत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजना (पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ साली आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती ती) २०२० पासून आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. म्हणजे तुम्हाला कुणी फुले सांगो नाहीतर आयुष्मान, हॉस्पिटलच्या दारात त्याच आरोग्यमित्राकडे (योजनेचा तिथे बसणारा माणूस) जायचं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, कॅशलेस, आणि २०२४ पासून कार्ड पिवळं, केशरी की पांढरं हा प्रश्न उरला नाही. आधीचा आजार म्हणून नाही म्हणत नाहीत. पण ही योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. ऑपरेशन, अ‍ॅडमिशन, आयसीयू यांना उपयोगी. डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं मिळतात, पण त्याची दर महिन्याची फिट्सची बाटली यात येत नाही. आठवड्याचं फिजिओही नाही.

ती फट निरामय थोडी भरते. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच. वर्षाला १ लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी तपासण्या नाहीत, कुठल्याही दवाखान्यात चालतं. ओपीडी, औषधं, थेरपी, सगळ्याला पैसे आहेत, मात्र प्रत्येकाची आतली मर्यादा वेगळी. लाख आहेत म्हणून लाखभर थेरपी असं नाही. आणि आधी खिशातून भरायचं, मग बिलं पाठवायची. बिलं पाठवल्यावर वाट पाहायची तयारी ठेवा.

हजेरीपत्रक

मी कारखान्यांचं पीएफ-ईएसआयचं काम करतो, त्यामुळे फक्त तेवढ्यावरच बोलतो.

एक, ईएसआय १ एप्रिलला दिवा मालवल्यासारखं बंद होत नाही. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, आणि ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, तुमच्या मिस्टरांची असणारच. म्हणजे मार्चपर्यंतची वर्गणी नीट गेली असेल, तर एप्रिलला बाहेर पडूनही घरच्यांना उपचार ३१ डिसेंबरपर्यंत मिळायला हवेत. डिस्पेन्सरीतला माणूस 'कार्ड बंद झालं' म्हणाला तर शाखा कार्यालयात जाऊन वर्गणीचा तपशील काढा आणि तो दाखवा.

दोन, हे जास्त महत्त्वाचं. सहामाही सुरू झाल्यानंतर पगार २१,०००च्या वर गेला, तर ती सहामाही संपेपर्यंत कामगार योजनेतच राहतो. म्हणजे वाढ १ एप्रिलला लागू झाली तर लगेच बाहेर, पण १ मेपासून लागू झाली तर ३० सप्टेंबरपर्यंत आत. वर्गणी मात्र पूर्ण २३,०००वर कापली जाईल, १७०-१७५ रुपये. आणि त्या वर्गणीवर लाभ पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत. एका महिन्याची वाढ सोडून सहा महिन्यांचे जास्तीचे उपचार! मॅनेजमेंटला सरळ सांगायला हरकत नाही, यात लपवाछपवी काही नाही.

तीन, ओव्हरटाइम २१,०००च्या मर्यादेत धरत नाहीत. वर्गणी त्यावरही कापली जायची, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो.

वाढच नको म्हणू नका. पुढची वाढ, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळं त्या पगारावर उभं राहतं. आणि कुणी 'पगार कागदावर कमी दाखवतो' म्हणालं तर तिथून उठा.

गोदाकाठ

हजेरीपत्रक, तुमचं उत्तर मिस्टरांना दोनदा वाचून दाखवलं. मे महिन्याचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, कंपनीतल्या मॅडमनासुद्धा माहीत नसावं. उद्या ते बोलणार आहेत.

पायपीट ताई, निरामयला आत्ता फेब्रुवारीत अर्ज करू का? आणि ईएसआय चालू असताना ते घेता येतं का?

पायपीट

घेता येतं. आमचंही काही काळ दोन्ही होतं. एकच बिल दोन ठिकाणी लावायचं नाही, एवढंच. त्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, मधे कधीही भरलं तरी मार्चअखेर संपतं. त्यामुळे आत्ता पैसे भरून महिन्याभराचंच संरक्षण मिळेल. कागद मात्र आत्ता जमवा. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत अर्ज जातो, जिल्ह्यानुसार संस्थांची यादी न्यासाच्या संकेतस्थळावर आहे. फी पहिल्या वर्षी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि इतरांना ५०० अशी होती, नूतनीकरणाला त्याहून कमी. नूतनीकरण विसरू नका, आमच्या गटातल्या निम्म्या आया तिथेच अडकतात.

आणखी एक, आजच बघा: रेशन कार्डावर मुलाचं नाव चढलंय का? आणि त्याचं आधार अजून ते निळं बाल आधारच आहे का? पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे देऊन अपडेट करावं लागतं. आयुष्मान कार्डाची ई-केवायसी तिथेच अडते, आणि ते कळतं अ‍ॅडमिशनच्या दिवशी.

फिजिओ_सांगली

उशिरा लिहितेय, पण एक गोष्ट राहून जायला नको. मुलगा वॉकरने चालतो म्हणता, तर खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी झाला? सीपीत खुबा हळूहळू सरकू शकतो आणि बराच काळ मुलाला दुखतही नाही. ठराविक काळाने एक्स-रे काढून पाहावं लागतं. ईएसआय हातात आहे तोवर न्यूरोबरोबर अस्थिरोगतज्ज्ञांचंही मत घ्या: पोटऱ्यांना बोटॉक्स (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं इंजेक्शन) लागेल का, पुढे स्नायूबंध सैल करायचं ऑपरेशन दिसतंय का, साधारण कोणत्या वयात. ऑपरेशन येत्या वर्षात असेल तर ईएसआयमधून करायचं की फुले योजनेतून, हे ठरवायला वेळ मिळेल. फुले योजनेत काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत, म्हणून नाव ऐकून हॉस्पिटल ठरवू नका. आधी आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नेमकं नाव सांगून विचारा. टोल फ्री १५५३८८ वरही सांगतात.

थेरपीसाठी सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डीईआयसीत (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र) जाऊन या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती चालतात. तो कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरलाच सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, पैसे लागत नाहीत. शाळेत तपासणीला जे पथक येतं त्यांच्याकडून चिठ्ठी मिळते. स्प्लिंट, वॉकर, व्हीलचेअर यांसाठी एडिप योजनेची (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना) शिबिरं लागतात, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. पगार वाढायच्या आधीचा दाखला चालतो का, हे मला विचारू नका :)

आणि औषधं जनऔषधीत बरीच स्वस्त पडतात, पण फिट्सच्या औषधाची कंपनी परस्पर बदलू नका. न्यूरोच्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी हो म्हटलं तरच.

गोदाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. एक्स-रे दीड वर्षापूर्वीचा आहे, सोमवारी घेऊन जातेय.

कंपनीनं मे महिन्याला 'बघतो' म्हटलंय. ग्रुप मेडिक्लेमबद्दलही विचारून आले: २ लाखांचा आहे, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून, ओपीडी नाही. जन्मजात दोषांचं काय ते लेखी मागितलंय.

म्हणजे माझ्या डोक्यात आता असं बसतंय: ईएसआय ओढता येईल तेवढं ओढायचं, एप्रिलमध्ये निरामय भरायचं, आयुष्मान कार्ड काढून ठेवायचं, आणि मेडिक्लेम मिळेल तो घ्यायचा पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. बरोबर ना? आणि शेवटचं, निरामयला फिजिओची बिलं कशी लागतात? आमच्या घराजवळचे फिजिओ वहीत लिहून देतात.

पायपीट

बरोबर. मेडिक्लेमच्या लेखी उत्तरात मुलाचं वय किती होईपर्यंत संरक्षण, तेही मागा. काही ठिकाणी २१, काही ठिकाणी २५.

वही चालणार नाही. डॉक्टरांनी थेरपी लिहून दिलेला कागद, त्यावर आठवड्यातून किती वेळा ते, आणि फिजिओची नोंदणी क्रमांक व शिक्का असलेली तारीखवार पावती. नाव यूडीआयडीवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. मूळ पावत्या जातात म्हणून आधी झेरॉक्स काढा, आणि वर्षअखेरीची वाट न पाहता मुदतीत, लहान लहान गठ्ठ्यांत पाठवा.

हजेरीपत्रक

कंपनीचं 'बघतो' मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लोंबकळू देऊ नका. पगारवाढीच्या पत्रावर 'लागू दिनांक' काय छापला जातो, सगळं त्यावर आहे. पत्र छापण्याआधी त्या मॅडमना भेटा.