क्लोव्हिसची चार मुलं आणि ती कात्री
फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस ५११ मध्ये वारल्यावर गादी थोरल्या मुलाकडे गेली, असं काही जण म्हणतात. तसं नाही, राज्याच्या चार मुलांत चार वाटण्या झाल्या, प्रत्येकाची राजधानी वेगळी. थ्यूडरिकला रॅंस, क्लोडोमरला ऑर्लेआं, शिल्डेबर्टला पॅरिस, क्लोथारला स्वासों. थ्यूडरिक हा क्लोव्हिसची राणी क्लोटिल्ड हिचा मुलगा नव्हता, तरी त्याला वाटा मिळाला. आईपेक्षा बापाचं रक्त मोठं, हे इथे लक्षात घ्या.

५२४ मध्ये क्लोडोमर लढाईत पडला. त्याची तीन पोरं आजी क्लोटिल्डकडे वाढत होती. शिल्डेबर्ट-क्लोथारनी तिच्याकडे कात्री आणि नंगी तलवार पाठवली, म्हणजे पोरांचे केस कापायचे की त्यांना मारायचं ते तूच सांग. लांब केस ही राजघराण्याची खूण. ते कापले की गादीवरचा हक्क गेला. दुःखाच्या भरात ती म्हणाली, केस कापण्यापेक्षा मेलेले बरे. क्लोथारने त्यातल्या दोघांना स्वतःच्या हाताने मारलं. तिसरा, क्लोडोआल्ड, निसटला आणि पुढे स्वतःच केस कापून धर्मसेवेत गेला. पॅरिसजवळच्या सॅं-क्लू गावाचं नाव त्याच्यावरूनच.