'इन्व्हेसिव्ह'ला आक्रमक म्हणायचं का?

पानगळ: जंगलातल्या किड्यांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. 'इन्व्हेसिव्ह'ला, म्हणजे बाहेरून येऊन पसरणाऱ्या आणि नुकसान करणाऱ्या जातीला, 'आक्रमक' लिहिलं तर संपादक म्हणाले वाचकाला वाटेल हा किडा चावतो. लेख एमराल्ड अ‍ॅश बोररवर आहे, म्हणजे अ‍ॅश नावाचं झाड पोखरणारा किडा, हिरवा चमकदार भुंगेरा, माणसाला काही म्हणजे काही करत नाही, पण त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे पाडते, पानातलं अन्न खाली उतरायची वाटच तुटते आणि अ‍ॅशचं झाड उभ्याउभ्या वाळतं. काय लिहू?

काडीकचरा: सरळ 'परकीय' लिहा. पूर्व आशियातला किडा, अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनला सापडला.

पानगळ: अहो पण हा किडा आटोक्यात आणायला त्याच्या अळीत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या २००७ पासून तिथे सोडल्या, त्याही चीनमधूनच आणलेल्या. मग त्याही परकीयच की!

रानवाटा: आणि सालवृक्षाचा बोरर तर इथला, भारतातलाच, तरी साथ आली की झाडं तोडत सुटावं लागतं. त्याला 'उद्रेक' म्हणा, आक्रमण नाही. मला 'उपरा' आवडतो.

मोरपीस: उपरा नको. हा शब्द माणसांना लावून खूप दुखावलंय आपण. तिकडे अमेरिकेत एका पतंगाचं 'जिप्सी मॉथ' हे नाव रोमा लोकांना, ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात, अपमानकारक म्हणून २०२२ मध्ये 'स्पाँजी मॉथ' केलंच ना.

काडीकचरा: मग 'आगंतुक'. आयुर्वेदात बाहेरच्या कारणाने झालेल्या रोगाला आगंतुज म्हणतात, शब्द तयार असताना इंग्रजीच्या मागे का धावायचं?

रानवाटा: आगंतुक म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा हो, पाहुणा कधीतरी जातो, हा जात नाही.

शेवरी: मुळात 'बोरर'चं काय केलंत? आमच्याकडे भिरूड म्हणतात. खोडाच्या भोकातून भुसा गळायला लागला की आजोबा तार घालून अळी ओढून काढायचे. इतका नेमका शब्द टाकून बोरर कशाला?

पानगळ: शब्द सुंदर आहे, पण या अळीचा भुसा बाहेर गळतच नाही, बोगद्यातच ठासलेला राहतो. भुंगेरा बाहेर पडला की सालीवर इंग्रजी डीसारखं भोक दिसतं, तोवर उशीर झालेला असतो. भिरूड लिहिलं तर लोक भुसा शोधत बसतील.

शेवरी: शोधू देत, झाडाकडे बघतील तरी. खोडकिडा तर उसाचा वाटतो.

पानगळ: बरं, पुढच्या परिच्छेदात 'क्वारंटाइन' आलंय, अमेरिकेच्या केंद्र सरकारची २०२१ पर्यंत किडा लागलेल्या भागाबाहेर जळाऊ लाकूड न्यायला बंदी होती, कारण किडा लाकडातून लांब जातो. 'विलगीकरण' म्हटलं की दवाखानाच आठवतो.

मोरपीस: 'लाकूडबंदी'?

काडीकचरा: त्याने तोडायलाच बंदी वाटेल.