प्रति: बायपासनंतर पर्वती कधी?
हृदयाच्या बायपास ऑपरेशनला सहा आठवडे झाले, आता बाबांना पर्वतीची टेकडी चढू द्यावी का, असं विचारलंयत. पायऱ्यांआधी स्कूटरचं बघा! पुण्यातला माणूस व्यायाम टाळेल, पण गाडी डबल स्टँडला लावणं सोडणार नाही, आणि तो झटका थेट छातीच्या हाडावर येतो. ऑपरेशनमध्ये कापलेलं ते हाड नीट जुळून यायला साधारण १२ आठवडे लागतात. तोवर जड उचलणं, ओढणं, जोर, सूर्यनमस्कार बंद. सारसबागेत सपाटीवर चालणं मात्र रोज थोडं वाढवत न्या. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) चालू असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, गोळीने ती दबलेलीच असते. चालताना सहज बोलता येतंय ना, ते पाहा. छातीच्या हाडात ‘कट-कट’ असा आवाज जाणवला किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. पर्वतीचंही पुढच्या तपासणीत त्यांनाच विचारा.